चांगुणाबायची पेरणी

चांगुणाबाय कधी कुणाला पत्ता विचारत नसे. आमचे पत्ते तिला आमच्याही आधीपासून ठाऊक होते.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतली एक खोली सोडून आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा आमच्या इमारतीला नाव नव्हते. एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा एवढीच तिची ओळख होती. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येई. रस्त्याकडेची झाडे गुडघ्याएवढी होती आणि खाडीवरून येणारा दुपारचा वारा ओठांवर मिठाचा पातळ थर ठेवून जाई. अशाच एका सकाळी दार वाजले. डोक्यावरची पाटी उंबऱ्याबाहेर उतरवून एक साठीची बाई उभी होती. तिने माझे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. म्हणाली, "तुमी लांबोडीत रायला आल्या ना?"

तिचे घर चुकले असावे, असे मला वाटले. मी तसे सांगितले, तेव्हा ती सरळ आत आली, गॅलरीत गेली आणि कठड्यावरून हात लांबवून तिने मला माझाच परिसर दाखवला. आमची इमारत उभी होती ती लांबोडी. भाताचे एक लांबट खाचर. दुधाचे केंद्र होते ते वाकडीत. दवाखान्याची जागा म्हणजे नवरीचा तुकडा, कारण कुणा एका सासूने नव्या सुनेच्या हाताने तिथे पहिल्यांदा पेरणी करवली होती. सारी वसाहत तिच्या लेखी अजून शेतेच होती. आम्ही फक्त त्यांत जरा उंच उगवलो होतो. एकदा पोस्टमनने तिला एका घराची वाट विचारली. नवरीच्या तुकड्यात, वरच्या माळ्यावर, असे तिने मनापासून सांगितले. तो भला माणूस तासभर फिरला आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडूनच पावशेर वाल घेऊन गेला, अशी गोष्ट ती हसत हसत सांगे.

ती सावळी होती, उंच होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेले लाल लुगडे, अंबाड्यात अबोलीचा बोटभर गजरा, आणि अंगाला चुलीच्या धुराचा, सुक्या मासळीचा आणि ताज्या खुडलेल्या पाल्याचा असा एक मिसळलेला वास. ती गेल्यावरही तो जिन्यात बराच वेळ रेंगाळे. पाटीत स्वतःच्या वाडीतले असेल तेवढेच: भेंडी, वाल, काकडी, कधी अळूची जुडी. दुसऱ्याने पिकवलेले ती विकत नसे. "मना इचारलात कसा झाला, तं मी काय सांगू?" असे तिचे म्हणणे.

भेंडीचा शेंडा मोडून कोवळेपणा पाहण्याची आम्हा शहरी बायकांची सवय तिला मुळीच खपत नसे. आमच्या शेजारच्या बाईंनी एकदा तीन शेंडे मोडले. चांगुणाबायने शांतपणे पाटी उचलली, डोक्यावर ठेवली आणि जाता जाता विचारले की सून बघायला जाता तेव्हा तिचीही बोटं मोडून बघता काय. शेजारीण पुढे आठवडाभर भेंडीवाचून राहिली. मग तिने निरोप पाठवला, आणि चांगुणाबाय आली ती जणू काही घडलेच नव्हते अशी.

माझी लेक जुई तेव्हा दीड वर्षाची होती. अनोळखी माणसाला पाहताच माझ्या पदरात तोंड खुपसणारी. लोक टाळ्या वाजवत, टिचक्या मारत, 'ये ये' करत, आणि ती अधिकच आत शिरे. चांगुणाबायने तिला एकदाही हाक मारली नाही. उंबऱ्यापाशी उकिडवी बसून ती आपले वाल निवडत राहिली. तिसऱ्या दिवशी जुई दोन पावले पुढे आली. पाचव्या दिवशी तिने पाटीला हात लावला. आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन पाहते तो ही तिच्या मांडीवर बसून वालाची शेंग चोखते आहे, आणि चांगुणाबाय अजूनही तिच्याकडे बघत नाही.

त्या वर्षी आषाढात पाऊस पंधरा दिवस कोसळला आणि मग उघाड पडली. हवा धुतलेल्या काचेसारखी झाली. चांगुणाबाय आली ती रिकाम्या हातांनी. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीला घेऊन शेतावर या, म्हणाली. लवकर या, आणि पोरीच्या पायांत काही घालू नका.

मला आनंद झाला. भात म्हणजे डब्यातला तांदूळ, एवढेच माझ्या लेकीला माहीत होते. तिला शेत दाखवावे, हे माझ्या मनात कधीचे होते. मी सहलीची तयारी केली. दुधाचा थर्मास, बिस्किटे, तीन झबली, चादर, पावडरचा डबा, छत्री. ते सामान पाहून यजमानांनी विचारले की परतायला महिना लागणार असेल तर रजेचा अर्ज मीही टाकू का.

गाव वसाहतीपासून चालत वीस मिनिटांवर. डांबरी रस्ता संपला की खाजणाचा वास सुरू होई. कुजणारी पाने, खारे पाणी, आणि त्याखाली कसला तरी गोडसर, जुना दमटपणा. बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना आकाश पडलेले होते. चिखलातल्या बिळांतून तांबडे खेकडे एक नांगी उंचावून आमच्याकडे पाहत आणि पाऊल वाजताच नाहीसे होत. जुई माझ्या कडेवर ताठ बसून श्वास रोखून बघत होती.

चांगुणाबाय खाचराच्या मध्यभागी, पिंढऱ्यांपर्यंत चिखलात उभी होती. तिने वाकून बोटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मग दहा पावले पुढे गेली आणि पुन्हा चाखली. मी पाहत राहिले. आमटीची चव घेणाऱ्या सुगरणीचा चेहरा मी पाहिला होता; मातीची चव घेणारा चेहरा प्रथमच पाहत होते. खाडीकाठची ती जमीन वर्षभर मीठ शोषते, पावसाने ते धुतले गेले की मगच बी टाकायचे, आणि ते धुतले गेले की नाही हे जिभेवाचून कळत नाही, असे तिने मला नंतर समजावले. "आता गोड हाय," ती म्हणाली, आणि तोंडातली माती बाजूला थुंकली.

बांधावर तिची सून सोनी आणि मदतीला आलेल्या दोन शेजारणी बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध एक मोठी टोपली होती. तिच्यात मोड आलेले भात होते. दाण्यादाण्याला पांढरी, ओली, सुईच्या टोकाएवढी चोच. या जमिनीत रोपे लावत नसत. भिजवून, पेंढ्यात दाबून, मोड आणलेले असे बी थेट चिखलावर फेकत. त्याला रहू म्हणत. टोपलीवर हात धरला तर आतून ऊब येत होती, झोपलेल्या मुलाच्या मानेसारखी.

मग सोनीने मला जे सांगितले, त्याने माझा सहलीचा सगळा समज उतरला. या घराची रीत अशी की पेरणीची पहिली मूठ घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून पडायची. आणि मूल असे हवे की ज्याला आपण काय करतो आहोत हे कळत नाही. कळत्या हातात लोभ असतो, न कळत्या हातात नसतो, अशी सासूबाईंची समजूत. सोनीची दोन्ही मुले शाळेत जाऊ लागली होती. घरात न कळते असे कुणी उरले नव्हते. म्हणून जुई.

आणि पेरणी आजच व्हायला हवी होती. हे खाचर वसाहतीसाठी घेतल्याची नोटीस येऊन गेली होती. पलीकडे, दोन शेते सोडून, मुरमाचा लाल ढीग दिसत होता. उभ्या पिकावर भराव टाकणार नाहीत, असे मोजणीला आलेल्या माणसाने बांधावर चहा पिता पिता सांगितले होते. तेवढ्या एका वाक्यावर चांगुणाबायने या वर्षाची सगळी आशा टांगली होती. भरावाच्या गाड्या इथवर पोहोचण्याआधी शेत हिरवे दिसले पाहिजे. मोड आलेले बी उद्यावर ढकलता येत नव्हते, उद्या ते एकमेकांत गुंतून कुजू लागले असते. शिवाय ओहोटी होती तोवरच बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या वाटेतून, खाचराचे पाणी बाहेर जाणार होते. भरती लागली की उघाडीचे लाकडी दार मिटणार, पाणी साठणार, आणि टाकलेले बी चिखलात न रुतता तरंगणार.

चांगुणाबायने हात धुतले. जुईला माझ्याकडून घेतले, चिखलाच्या कडेला उभे केले. तिची इवली पावले त्या गार, मऊ काळेपणात घोट्यापर्यंत बुडाली. मला वाटले आता रडेल. ती रडली नाही; बोटे हलवून पाहू लागली. मग चांगुणाबायने तिच्या उजव्या तळहातावर भाताचे मोड ठेवले.

जुईने ते पाहिले. मोडांच्या गुदगुल्या झाल्या असाव्यात; ती हसली. आणि तिने मूठ मिटली.

ती मूठ उघडेना.

आधी आम्ही सगळ्या हसलो. सोनीने टाकून दाखवले, 'असं, असं' म्हणून. शेजारणींनी बगळा दाखवला. मी बिस्किट पुढे केले. ते तिने डाव्या हाताने घेतले. दुसरे दिले, तेही डाव्याच हातात कोंबले. उजवी मूठ तिने छातीशी धरली होती, आणि आमच्या चेहऱ्यांवरून तिला एवढे नक्की कळले होते की आत काहीतरी फार मोलाचे आहे. अर्धा तास गेला. उघाडीतून वाहणाऱ्या पाण्याचा आवाज बारीक होत चालला. मला लाज वाटू लागली. मी वाकले आणि तिचा अंगठा हलकेच सोडवू लागले, तशी माझ्या हातावर चापट बसली.

"वयनी, सोडा," चांगुणाबाय म्हणाली. "पोरीची मूठ हाय ती, डब्याचं झाकन नाय."

समोरच्या बांधावर तिची धाकटी जाऊ ठकूबाय उभी होती. शेजारचे खाचर तिचे. तिच्या कडेवर सहा महिन्यांचा नातू होता. रीतीला हवा तसा, अगदी न कळता. पण दोन्ही घरांत पाच वर्षे बोलणे नव्हते. भांडण बांधावरच्या शेवग्यावरून झाले होते. तो शेवगा तीन वर्षांपूर्वीच्या वादळात पडला, भांडण मात्र उभे राहिले. सोनीने सासूच्या कानाशी लागून काही सुचवले. चांगुणाबायने तिकडे मान वळवली नाही. मी पेराला आलीय, मागाला नाय, एवढेच ती बोलली, आणि ते समोरच्या बांधावर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. ठकूबायही हलली नाही. नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेत तिथेच उभी राहिली.

मग चांगुणाबायने जे केले ते फार साधे होते. तिने मनधरणी सोडून दिली. जुईला उचलून खांद्यावर घेतले, तिचे डोके मानेशी टेकवले आणि चिखलात उतरून ती चालू लागली. खाचराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. जणू पेरणीशी तिचा काही संबंधच नव्हता. चिखलातून पाय निघताना एक ओला, गोल आवाज होई. त्या आवाजाच्या लयीत ती शब्दांवाचून काहीतरी गुणगुणत होती. वरून बगळ्यांची ओळ गेली, तिची सावली पाण्यावरून गेली. डाव्या हातातली बिस्किटे आधी पडली. तिसऱ्या फेरीला जुईची मान सैल झाली. चौथ्या फेरीला उजवा हात चांगुणाबायच्या पाठीवरून खाली लोंबला, आणि ती मूठ, सकाळी उमलणाऱ्या फुलाला लागतो तेवढा वेळ घेत, उघडली. एक दाणा लाल लुगड्याला चिकटून राहिला. बाकीचे चिखलात पडले.

चांगुणाबाय जागच्या जागी थांबली. झोपेत पडलेली मूठ धरायची की नाही, हे रीतीत कुठेच सांगितलेले नव्हते.

तेव्हा समोरच्या बांधावरून आवाज आला. "निजल्या हाताचा चालतं कं गो?"

पाच वर्षांतला तो पहिला शब्द. चांगुणाबायने वळून जावेकडे पाहिले. मला तिची पाठ दिसत होती आणि तिच्यावर माझ्या लेकीचा झोपेत किंचित उघडलेला तोंडाचा चंबू.

"बी तरी जागं असतं कं गो?" ती म्हणाली. "चिखलात निजतं, तवाच रुजतं."

ठकूबाय हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर घेऊन. मग तिने नातवाला बांधावर मागे बसलेल्या आपल्या सुनेच्या ओटीत दिले, लुगडे वर खोचले आणि बोलावणे नसताना या बाजूला उतरली. वेळ थोडा उरला होता आणि हात जास्त हवे होते.

जुई माझ्या मांडीवर झोपली होती, म्हणून मला ती पेरणी नीट पाहता आली. चांगुणाबायचा हात कमरेपासून निघून खांद्याच्या बाजूला उघडे. दाणे हवेत क्षणभर एका पडद्यासारखे दिसत आणि मग चिखलावर पडताना दुरून पाऊस आल्यासारखा बारीक आवाज होई. पाच बायका एका ओळीत, मागे मागे सरकत. पाऊल दाण्यांवर पडू नये म्हणून मागे चालायचे. भरती लागून उघाडीचे दार मिटले तेव्हा टोपलीच्या तळाशी फक्त ओल उरली होती. मी लेकीला शेत दाखवायला नेले होते. प्रत्यक्षात शेतालाच तिची गरज होती, आणि चांगुणाबायने तिला पाहुणी म्हणून नव्हे तर कामाला बोलावले होते. पावडरचा डबा मी उघडलाही नाही.

भाद्रपदात ते खाचर इतके हिरवे झाले की बांधावर उभे राहिले तर चेहऱ्यावर हिरवा उजेड पडे. गाड्या दोन शेते पलीकडेच थांबल्या. मोजणीच्या माणसाचा शब्द खरा होता, की साहेबांना दुसरीकडे घाई होती, कुणास ठाऊक. कार्तिकात कापणी झाली. चांगुणाबायने तांबड्या तांदळाच्या नव्या पिठाची भाकरी केळीच्या पानात बांधून आणली आणि तिचा पहिला तुकडा जुईला देताना मला बजावले की हा तिचा हक्काचा आहे, तुमचा नाय.

पुढच्या वर्षी मी विचारले तेव्हा ती जुईला घेऊन गेली खरी, पण खूश झाली नाही. अडीच वर्षांच्या जुईने मूठ ताबडतोब उघडली, दाणे फेकले आणि कौतुकासाठी सगळ्यांकडे पाहिले. चांगुणाबायने सुस्कारा सोडला. "आता तिला कलाय लागलं," ती म्हणाली, एखादा दात पडल्याचे सांगावे तसे. तिसऱ्या वर्षी ठकूबायच्या घरात नवी नात होती. रीत तिथून पुढे चालली. 'यंदा गाड्या येतील' असे म्हणत म्हणत चांगुणाबायने त्या खाचरात चार पिके घेतली.

मी तिला शेवटची पाहिली ती ऐंशीच्या आसपासच्या एका फाल्गुनात. जुईला शाळेतून घेऊन येताना आम्ही मुद्दाम बांधाच्या वाटेने निघालो होतो. खाचर कापलेले, कोरडे, भेगाळलेले. त्याच्या तोंडाशी मुरमाने भरलेला ट्रक उभा होता आणि ट्रकच्या समोर, हातात काठी घेऊन, चांगुणाबाय. गावातली चार माणसे धावत येत होती. मीही जुईचा हात घट्ट धरून पावले उचलली. तिने गाडी अडवली, असेच आम्हा सगळ्यांना वाटले.

जवळ गेल्यावर तिचा आवाज ऐकू आला. ती भांडत नव्हती. काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवत होती. आधी खाडीच्या अंगाने टाक, मग मधे ये. मधेच टाकलेस तर पाणी आत कोंडेल आणि वर काहीही बांधलेस तरी ते खालून चढत राहील. ड्रायव्हर उत्तरेकडचा, तरुण, दाढीवाला. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन तो समजावत होता, "माई, साहब ने जिधर बोला, उधर डालना है."

"तुज्या सायबाला पानी कुटं जातं ठावं हाय कं?" ती म्हणाली. "मना ठावं हाय."

त्याला शब्द किती कळले, देव जाणे. त्याने तिच्याकडे पाहिले, जमिनीवरच्या रेघेकडे पाहिले, आणि हसून गिअर मागे टाकला.

चांगुणाबायला आम्ही दिसलो. तिने जुईला हाक मारली नाही. नुसती बघून हसली. मला म्हणाली, "उद्या हितं कोनी तुमच्यासारकी पोर कडंवर घेऊन रायला येल, वयनी. तिला सुकं घर नको?"

मग ती वळून ट्रकच्या मागे गेली. लाल धूळ उडत होती आणि तिच्यात तिचे लाल लुगडे मधूनच दिसेनासे होई. ती एकेक पाऊल मागे सरकत होती, डोळे मागच्या चाकांवर, आणि हात हलवत त्या अवजड गाडीला बोलावत होती, ये, ये, अजून ये, अजून. आणि खाडीच्या कडेला, नेमक्या हव्या त्या जागी गाडी आली, तेव्हा तिने तळहात वर केला.

"बस," ती म्हणाली. "आता टाक."